वळवाने मोडलेली रोपे उपटू नकोस

अनगोळ, बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आज दुपारी मिळाले. वळवाच्या वाऱ्याने तुमच्या निपाणीच्या रस्त्यावरची सात रोपे मोडली किंवा आडवी झाली, आणि ती सगळी उपटून पावसाळ्यात नवी लावायचे घाटते आहे, हे वाचून राहवले नाही. माझी विनंती एवढीच, की मृगाचा पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस होईपर्यंत एकही रोप उपटू देऊ नकोस. तीन वर्षांच्या करंजाचे खोड मोडले तरी त्याची मुळे जमिनीत शाबूत असतात, आणि तेवढी मुळे धरायला नव्या रोपाला पुन्हा काही उन्हाळे काढावे लागतात.

आधी प्रत्येक रोपाच्या खोडावर नखाने साल किंचित खरवडून पाहा. आत हिरवे आणि ओलसर दिसले तर तिथपर्यंत झाड जिवंत आहे. तपकिरी व कोरडे दिसले तर थोडे खाली सरकून पुन्हा पाहा. करंज, कडुनिंब, गुलमोहर ही झाडे बुडखा जिवंत असेल तर बहुधा खालून फुटतात. असे धुमारे आले की घाई न करता ते वीतभर वाढू द्यावेत आणि मग त्यांतला सर्वांत सरळ व जोमदार धुमारा ठेवून बाकीचे काढावेत.

आडवी झालेली तीन रोपे मात्र थांबणारी नाहीत. ती आजच उभी करा. उघड्या मुळांवर ओले गोणपाट टाका, खड्ड्यातली माती पाण्याने मऊ करून घ्या, रोप हलक्या हाताने सरळ करा आणि माती पायाने चेपा, पण ठोकून घट्ट करू नका. काळी माती फार ठोकली की मुळांना हवा मिळत नाही.

आधाराच्या काठीविषयी लिहिताना मला माझी चूक सांगितलीच पाहिजे. आमच्या रस्त्यावरच्या एका करंजाला मी लावणीच्या वेळी लोखंडी तारेने काठीशी बांधले आणि दोन वर्षे ती तार सोडायला विसरलो. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते, तर पाणी आतल्या लाकडातून वर चढते. त्यामुळे तारेने साल कापत आणली तरी पाने हिरवीच राहिली, आणि तारेच्या वर अन्न साचून आलेला फुगवटा पाहून मी झाड चांगले भरते आहे असे समजलो. यंदाच्या वाऱ्यात ते नेमके तारेच्या जागीच तुटले. त्या सकाळी खोडात रुतलेली ती तार पाहताना मला फार वाईट वाटले, आणि अजूनही त्या वाटेने जाताना वाटते. म्हणून सांगतो, दोन काठ्या दोन बाजूंना रोवा, सुती चिंधीने किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबने सैल बांधा आणि गाठ खोडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवा, म्हणजे शेंडा वाऱ्यात हलेल आणि त्या हलण्यानेच खोड जाड होईल. वर्षभराने काठ्या काढायच्या, हे आत्ताच घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेव.

ज्या रोपाची साल एका बाजूने सोलून लोंबते आहे असे तू लिहिलेस, तिथे ती साल अजून ओली असेल तर पुन्हा जागी दाबून बसव, वरून ओले फडके गुंडाळ आणि त्यावर सावली धर. वाळली असेल तर मोकळा भाग धारदार चाकूने कडेपुरता स्वच्छ कर. साल सगळीकडून गोल निघाली असेल तर पाने महिनाभर हिरवी दिसली तरी मुळांची उपासमार चालू असते, त्या हिरवेपणाला भुलू नकोस.

मोडक्या फांद्या खोडाशी घासून कापू नयेत. फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखा जो कंगोरा असतो, तो राखून त्याच्या लगेच बाहेर काप द्यावा. त्यावर डांबर किंवा रंग फासण्याची रीत आपल्याकडे फार आहे, पण त्याची गरज नाही. अमेरिकेच्या वनसेवेत हजारो झाडे चिरून अभ्यासणारे अ‍ॅलेक्स शिगो यांनी दाखवून दिले, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही; झाड इजा झालेल्या भागाभोवती आतून जणू भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. ते काम त्याला करू द्यावे. युरियाही आत्ता देऊ नकोस.

आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, प्रत्येक रोपाला दोन घागरी पाणी सावकाश सोड आणि आळ्यात पालापाचोळा पसर, पण खोडाला टेकू देऊ नकोस. बुंध्यापर्यंत काँक्रीट आले असेल तर त्याचा फोटो काढून नगरपालिकेकडे अर्ज दे. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, त्याचा उल्लेख अर्जात अवश्य कर.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने मी येतो. करवत, चाकू आणि ट्यूबच्या पट्ट्या माझ्याकडे आहेत. काठ्या तेवढ्या तू मिळवून ठेव. घरी वडिलांना नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र