हवाई अंतराचा तक्ता आणि खरा प्रवास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतल्या बेटांच्या तक्त्यात ‘अगत्ती ते पोर्ट ब्लेअर : २,२४० किमी, पावणेतीन तास’ अशी एक ओळ आहे. अंतराबद्दल तक्रार नाही, लक्षद्वीप ते अंदमान सरळ रेषेत तेवढंच भरतं. पण पावणेतीन तासांत नेणार कोण? अशी थेट विमानसेवाच नाही.

ती सहजी सुरू होण्यातलीही नाही. पावणेतीन तास हा जेट विमानाचा वेग धरून केलेला हिशेब. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची, आणि पुढे वाढवायला जमीन कुठे आहे? तिथे पंख्यांची एटीआर विमानं उतरतात, तीही वजनाचं गणित सांभाळून. ताशी पाचशेच्या आसपास जाणाऱ्या एटीआरला हे अंतर तोडायला साडेचार तास लागतील, आणि भरल्या विमानाचा एका दमात तेवढा पल्लाही नाही. थोडक्यात, पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) गाठू शकणारं जेट अगत्तीला उतरत नाही आणि अगत्तीला उतरणारं एटीआर पोर्ट ब्लेअर गाठत नाही. मग हे पावणेतीन तास कुठल्या विमानाचे?

प्रत्यक्षात सहसा अगत्तीहून कोची (सुमारे ४७० किमी, दीड तास), तिथून चेन्नई आणि मग पोर्ट ब्लेअर असं जावं लागतं. गंमत म्हणजे तिन्ही टप्प्यांची बेरीज २,३६० किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे वळसा फार तर सव्वाशे किलोमीटरचा. वेळ जातो तो विमानतळावर ताटकळण्यात; मध्ये एका रात्रीचा मुक्काम धरूनच निघालेलं बरं.

सेल्युलर जेल पाहायला अंदमानला जाणारे मराठी पर्यटक कमी नाहीत. एकाच सुट्टीत दोन्ही बेटं उरकू असं या तक्त्यावरून कुणी ठरवलं, तर सगळंच वेळापत्रक कोलमडेल. (जाता जाता : दोन्हीकडे घड्याळ एकच, पण पोर्ट ब्लेअरला सूर्य अगत्तीपेक्षा जवळपास सव्वा तास आधी उगवतो. पहाटेच्या फेरफटक्याचे बेत त्या हिशेबाने करावेत.)

सरळ रेषेतलं अंतर छापूच नये असं नाही. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे २.७ किमीचं अंतर विमान वेळापत्रकानुसार दोन मिनिटांत कापतं. तिथे तक्ता आणि प्रवास जुळतात, कारण मुळात विमान आहे. पुढच्या वेळी तक्त्यात ‘थेट सेवा आहे / नाही’ एवढा एक रकाना वाढवावा, ही विनंती.

शिवाय लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो, आणि तो तिकीट काढण्याआधीच पाहावा लागतो. पुरवणीत त्याचा उल्लेख कुठेच सापडला नाही.

आपला,
एक वाचक, ठाणे