सिमीच्या बंदरातून

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू विचारलंस, रात्री तुम्ही सगळे झोपता तेव्हा बोट कोण धरून ठेवतं? तेवढ्यात नेटवर्क गेलं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आम्ही ग्रीसमधल्या सिमी बेटावर आहोत. रोड्सच्या उत्तरेला, समोर तुर्कस्तानचा किनारा. बंदराचं नाव यालोस. जागा कमी, म्हणून शिडाच्या बोटी इथे आडव्या न लावता पाठ धक्क्याकडे करून लावतात. बंदराच्या मध्यावर नांगर टाकायचा आणि साखळी सोडत सोडत मागे यायचं. यालोस खोल आहे, आमची पन्नासएक मीटर साखळी पाण्यात गेली. जवळ आल्यावर मागचे दोन दोर धक्क्यावर फेकायचे, लोखंडी कड्यांतून ओवून परत बोटीवर बांधायचे आणि मग पुढून साखळी ताणायची. बोट आणि धक्का यांत मीटरभर अंतर ठेवतात, कारण मोठी फेरीबोट आत आली की लाटा उसळतात. त्या फटीवर फळी टाकून आम्ही उतरतो. शेजारच्या बोटींशी घासू नये म्हणून दोन्ही अंगांना फेंडर, म्हणजे हवा भरलेल्या जाड उशा, टांगलेले असतात.

बाबा, तुम्हाला पहिला प्रश्न भरतीचा पडेल. हर्णैला पाणी दोन-तीन मीटर चढतं-उतरतं, इथे जेमतेम वीतभर. म्हणूनच असं घट्ट बांधणं जमतं. भीती असते ती वाऱ्याची. उन्हाळ्यात आकाश निरभ्र असतानाही मेल्तेमी नावाचा जोरदार वारा सुटतो, कधी कधी दिवसचे दिवस. दुपारी तो वाढतो, म्हणून आम्ही पहाटे निघतो. जोर जास्त असेल त्या दिवशी निघतच नाही. आई, हे वाक्य दोनदा वाच.

बंदराभोवतीची पिवळी-गुलाबी, त्रिकोणी माथ्याची घरं जहाजबांधणी आणि स्पंज यांच्या पैशातून उभी राहिली. समुद्राच्या तळाचा स्पंज काढणारे पाणबुडे ही सिमीची खरी ओळख. पाणबुड्यांचे पोशाख आल्यावर ते जास्त खोल जाऊ लागले, जास्त वेळ राहू लागले, आणि भराभर वर आल्यामुळे कितीतरी जण लुळे झाले, मेले. इथल्या दुकानात स्पंज हातात घेताना मला त्यांचीच आठवण येत होती.

१९०० साली वादळामुळे अँटिकिथेरा बेटाच्या आडोशाला थांबलेले सिमीचे असेच पाणबुडे पाण्यात उतरले आणि त्यांना दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेलं जहाज सापडलं. त्यातून पुतळे निघाले, आणि गंजून गोळा झालेलं एक यंत्रही. सूर्य-चंद्राची गती आणि ग्रहणं सांगणारं, दातेरी चाकांचं! बाबा, पंचांगात ग्रहणाचं पान आधी उघडणारे तुम्ही. अथेन्सच्या संग्रहालयात ते यंत्र मला तुमच्या शेजारी उभं राहून बघायचं आहे.

काल आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाला पानोर्मितिसच्या खाडीत होतो. चहूबाजूंनी डोंगर, आत यायला अरुंद वाट. तिथे नुसत्या नांगरावर थांबलो. नांगर सरकला तर मोबाइलवर भोंगा वाजतो, आणि तो माझ्याच उशाशी होता. काठावर देवदूत मिखाएलचा मठ आहे. हा खलाशांचा राखणदार. लोक नवस बोलतात, चांदीच्या पत्र्यावर कोरलेली जहाजं वाहतात, चक्क झाडूही वाहतात. ज्यांना येणं जमत नाही ते चिठ्ठी-पैसे बाटलीत घालून समुद्रात सोडतात, आणि ती पानोर्मितिसला पोचते अशी त्यांची श्रद्धा. अशा बाटल्या मठाच्या संग्रहालयात मांडून ठेवल्या आहेत. आई, मी तिथे मेणबत्ती लावली, तुमच्या दोघांच्या नावाने.

जेवायचं म्हणाल तर इथली कोळंबी आपल्या करंदीएवढी बारीक, सालासकट कुरकुरीत तळलेली.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघं पुढच्या वर्षी याच. शिडाच्या बोटीत बसायची सक्ती नाही, रोड्सहून फेरीबोट येते. वरच्या गावाला जायला सुमारे ५०० पायऱ्या आहेत, त्या बाबांच्या गुडघ्यांना नकोत. पण बंदर सपाट आहे, आणि मठात राहायला खोल्या मिळतात. मे महिना बरा, ऊन कमी आणि मेल्तेमीही सहसा नसतो. व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा दिवाळीपर्यंत होकार कळवा आणि आईच्या पासपोर्टची मुदत बघून ठेवा.

तुमची,
मनू