डायलिसिसच्या रुग्णाला पावडरीचा डबा नको, लस द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

आम्ही कोल्हापुरातले डायलिसिस तंत्रज्ञ आणि परिचारिका. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराची लस डायलिसिसच्या रुग्णांना केंद्रावरच मोफत मिळेल, असं आम्हाला तोंडी सांगण्यात आलं होतं. आजवर एक कुपी आली नाही. 'बाहेरून आणा' ही चिठ्ठी आम्हालाच लिहावी लागते. चंदगड, शाहूवाडीहून आठवड्याला दोन-तीन खेपा घालणाऱ्याची मजुरी त्या खेपांतच बुडते. तो कुठून आणणार?

त्याच्या पिशवीत मात्र कुणी तरी गळ्यात मारलेला 'इम्युनिटी' पावडरीचा डबा असतो. काढे, शहाळी, फळांचे रस यांतलं पोटॅशियम या रुग्णाच्या अंगातून बाहेर पडत नाही, हृदयाचे ठोके बिघडतात. गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. साहेब, विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार करायचा खात्रीचा मार्ग लस हाच आहे, आणि तीही नेमकी द्यावी लागते. मूत्रपिंड निकामी झाल्यावर प्रतिकार करणाऱ्या पेशींचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून मात्रा दुप्पट: 40 मायक्रोग्रॅम, 0, 1, 2 आणि 6 महिन्यांना. म्हणजे 20 मायक्रोग्रॅमच्या आठ कुप्या. फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला शस्त्रक्रियेनं जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या दंडात, दोन टोचण्यांत इंचभर अंतर ठेवून. कुल्ल्यावर दिली तर चरबीत जाते आणि अँटिबॉडी कमी तयार होतात. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण, बघायचं. ते 10 युनिटच्या (mIU/mL) खाली असेल तर डोस पुन्हा. पुढे दरवर्षी तपासणी. हे टायटरच कुणी करत नाही. कार्डावर 'लसीकरण पूर्ण' लिहिलेलं असतं आणि माणूस उघडाच असतो. खरं तर मूत्रपिंड कमजोर होऊन रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला लागतं तेव्हाच लस द्यायला हवी, तेव्हा ती जास्त लागू पडते.

हिपॅटायटिस सीला तर लसच नाही. तिथं फक्त आमचे हात. मिनिटाला 300 मिलिलिटरनं चार तासांत 72 लिटर रक्त मशीनमधून फिरतं. एक पाळी उतरवून दुसरी चढवताना माणूसबळ नसलं की हातमोजे बदलायचे राहतात, रक्त गोठू नये म्हणून द्यायच्या हेपॅरिनची एकच कुपी चार खाटांवर फिरते. दाबाच्या नळीवरचा रुपयाएवढा ट्रान्सड्यूसर प्रोटेक्टर, म्हणजे रक्त मशीनमध्ये जाऊ न देणारी गाळणी, रक्तानं ओला झाला तरी तसाच राहतो आणि रक्त मशीनच्या आत पोचतं. बीचा विषाणू तर पृष्ठभागावर सात दिवस जगतो. सीची अँटिबॉडी चाचणी सुरुवातीचे काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा थेट विषाणू शोधणारी नॅट चाचणीच लागते. ती कुठं होते?

सीचा विषाणू लागल्यावर सरकार राष्ट्रीय कार्यक्रमातून 12 आठवड्यांच्या गोळ्या फुकट देतं, आणि बीचा लागू नये म्हणून लसीच्या आठ कुप्या नाहीत! मशीन आलं की फीत कापायला सगळे येतात. त्या मशीनमागं तंत्रज्ञाचं पद मंजूर करायला कुणी येत नाही. हे एका खात्याचं नाही. अवघी व्यवस्था माणूस आजारी पडायची वाट बघत बसली आहे.

जनआरोग्य योजनेच्या डायलिसिस पॅकेजमध्ये लस, टायटर आणि दर सहा महिन्यांनी नॅट जोडा. हेपॅरिन एका रुग्णाला एक कुपी, असा लेखी आदेश काढा आणि तेवढ्या कुप्या पुरवा. लस कोल्हापुरात कधी पोचणार, ती तारीख आम्हाला लेखी कळवा. तोंडी नको.

आपले,
डायलिसिस विभागांतील कर्मचारी, कोल्हापूर