शिरवळच्या त्या काकांचे मनःपूर्वक आभार

गाडीची म्युझिक सिस्टिम मी घरीच बदलली आणि त्याच संध्याकाळी साताऱ्याहून पुण्याला येताना, खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर, सिस्टिम, आतला दिवा आणि सेंट्रल लॉक एकदम बंद पडले. मागे आई बसली होती. शिरवळजवळ घरी निघालेल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी आमच्यासाठी दुकानाचे शटर पुन्हा उघडले. फ्यूज उडाला होता, पण त्याजागी जास्त अँपिअरचा, म्हणजे जास्त करंट सोसणारा, फ्यूज टाकण्यास त्यांनी ठाम नकार दिला, कारण मग बिघाड झाल्यास फ्यूजऐवजी वायरच जळते. दातांत बॅटरी धरून त्यांनी पट्टीखाली चेपून सोललेली पिवळी वायर शोधली, टेप गुंडाळली आणि 10 अँपिअरचा नवा फ्यूज बसवला. दिवा लागताच ते आधी आईला म्हणाले, "मावशी, आता निवांत बसा." पैसे त्यांनी फक्त फ्यूजचे घेतले. काका, नाव विचारायचे राहिले, पण आई रोज तुमची आठवण काढते.