बफरची गणितं हातानं सोडवायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

बारावीच्या बोर्डाला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. नीटला तर दोन्ही नाहीत. तरी बफर (थोडं ॲसिड किंवा बेस पडलं तरी ज्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, फारसा हलत नाही असं द्रावण) शिकवायचं म्हणजे सूत्र (पीएच = पीकेए + लॉग सॉल्ट/ॲसिड) फळ्यावर टाकून मोकळं व्हायचं, अशीच रीत. तुम्ही अभ्यासिकेत सूत्राला सगळ्यात शेवटी हात लावलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडं लिहितोय, म्हणजे तुमची पद्धत पुढच्या बॅचलाही मिळेल.

५० मिली ०.२ मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये २० मिली ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, हे गणित तुम्ही मुद्दाम निवडलंत. ॲसिड १० मिलिमोल, बेस ४. घाईत हेच आकडे सूत्रात कोंबले की उत्तर येतं ४.३५, साफ चूक. तुमचा दंडक एकच: आधी रिॲक्शन पूर्ण होऊ द्या. ४ मिलिमोल बेसनं ४ मिलिमोल ॲसिड संपवलं, तेवढंच ॲसिटेट (हाच सॉल्ट) झालं, ॲसिड उरलं ६. आकारमान ७० मिली झालं, पण दोघांनाही ७० नेच भागायचं, मग भागायचंच कशाला? सॉल्ट भागिले ॲसिड, ४/६, म्हणजे २/३.

पाठ करायला सांगितलेत फक्त तीन आकडे: लॉग २ = ०.३०१०, लॉग ३ = ०.४७७१, लॉग ७ = ०.८४५१. पाचाचा लॉग १ मधून दोनाचा वजा करून मिळतो. केए, म्हणजे ॲसिडचा विघटन स्थिरांक, १.८ गुणिले दहाचा उणे पाचवा घात; त्याच्या लॉगचं चिन्ह उलटं केलं की पीकेए. १.८ म्हणजे २ × ३ × ३ ÷ १०, म्हणून लॉग ०.२५५२ आणि पीकेए ४.७४४८. त्यातून ०.१७६१ (लॉग ३ उणे लॉग २) वजा केले की ४.५६८७, म्हणजे पीएच ४.५७. पीकेए आधीच ४.७४ वर छाटला तर ४.५६ येतं. प्रश्नात पीकेए ४.७४ दिला असेल तर तेच बरोबर. केए दिला असेल तर चार अंक शेवटपर्यंत ओढायचे. पर्याय जवळजवळचे असले की इथेच मार्क जातो.

लॉग टेबलवाल्यांची खरी विकेट पडते ती बारवर. ०.६६६७ चा लॉग बार १, पॉइंट ८२३९. बार फक्त एकावर आहे, म्हणजे उणे १ अधिक ०.८२३९. सरसकट उणे १.८२३९ धरलं तर पीएच २.९२ निघतो. तुमची ताळ्याची खूण इथे कामी येते: गुणोत्तर एक दशांश ते दहाच्या दरम्यान असेल तर पीएच पीकेएपासून एकापेक्षा जास्त सरकत नाही. ॲसिड जास्त असेल तर खाली, सॉल्ट जास्त असेल तर वर. सॉल्ट वर लिहायचं की ॲसिड, हा गोंधळही याच खुणेनं मिटतो.

त्याच गणितात बेस ५० मिली केला तर? ॲसिड शून्य, बफर संपला, सूत्र बाद. राहिलं ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट. आता हायड्रॉलिसिस (ॲसिटेटची पाण्याशी रिॲक्शन): पीकेए आणि लॉग सांद्रता यांच्या बेरजेच्या निम्म्यात ७ मिळवायचे, म्हणजे पीएच ८.८७.

अमोनियाच्या बफरचं काय सांगावं! त्याचा केबीही (बेससाठीचा केए) १.८ च, पीकेबीही ४.७४ च, त्यामुळे पीओएचलाच (बेसच्या बाजूचा आकडा, पीएचशी बेरीज १४) पीएच समजून पेपर पुढे सरकतो. अमोनियाच्या बफरचा पीएच सातच्या खाली आला की चौदातून वजा करायचं राहिलंय, हे तुमच्यामुळे डोक्यात पक्कं बसलंय. आणि सॉल्ट अमोनियम क्लोराइडऐवजी अमोनियम सल्फेट असेल तर ०.१ मोलरला अमोनियम आयन ०.२ मोलर धरायचे. हा दुप्पटीचा मुद्दा बऱ्याच नोट्समध्ये सापडत नाही. तो तुम्ही फळ्यावर लाल खडूनं लिहिलात, तो आम्ही अजून पुसू दिलेला नाही.

आपली,
अभ्यासिकेतली बारावीची मुलं