मशीनच्या साडीला मशीनची म्हणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लग्नसराई आली की आपल्यासकट सगळ्याच पेपरात पैठणी सेलच्या पानभर जाहिराती सुरू होतात, पण त्यातली साडी हातमागाची की यंत्रमागाची हे कुठेच लिहिलेलं नसतं. फार तर सेमी पैठणी म्हणतात. गिऱ्हाइकाला वाटतं जरीकाम थोडं कमी असेल, पण तिचं विणकामच वेगळं असतं हो!

येवल्यात मागावर बसलेला विणकर एकदा तरी जवळून बघा. पदरातल्या एका मोरासाठी हिरवा, निळा, लाल अशा प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली (धागा गुंडाळलेली काडी) असते, ती तो बोटांनी ताण्यातून, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतून घालतो, रंग बदलला की धागा शेजारच्या धाग्यात अडकवतो, मग पुढची तिल्ली, आणि दिवसभर मान खाली घालून बसलं तरी पदर काही इंचच पुढे सरकतो. भरगच्च साडीला कित्येक महिने जातात. म्हणूनच हाताने विणलेला पदर उलटा केला तरी मोर जवळपास तसाच दिसतो. मशीनच्या पदरामागे मोकळ्या धाग्यांचं जाळं नाहीतर कापलेली टोकं दिसतात.

आमच्या नात्यातल्या एका लग्नात अशीच मशीनची साडी हातमागाची म्हणून भरपूर पैसे घेऊन विकली, बिलावर नुसतं "पैठणी". दुकानदाराने सिल्क मार्क दाखवला होता, पण तो फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, हाताने विणल्याचं नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे आणि तो 2006 पासून आहे. पैठणीला 2010 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यालाही इतकी वर्षं झाली, तरी काउंटरवर हे कोणी समजावून सांगत नाही.

मशीनच्या साडीला माझा विरोध नाही, सगळ्यांना हातमागाची परवडत नाही आणि हौस सगळ्यांनाच असते. पण तिला मशीनची म्हणून विका ना. काही हजारांची साडी त्याच नावाने शेजारी ठेवली की विणकराने सांगितलेली किंमत लोकांना लूट वाटते, मग त्याच्या पोराने मागावर का बसावं?

सरकारने बिलावर आणि लेबलवर हातमाग की यंत्रमाग लिहिणं सक्तीचं करावं. आणि आपण 7 ऑगस्टला हातमाग दिनाचे फोटो छापता तसं साडीची जाहिरात घेताना पण हे एक वाक्य दुकानदाराकडून लिहून घ्या, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, नाशिक