मुलींनी लघवी रोखून धरू नये म्हणून
महोदय,

शाळेतील स्वच्छतागृहाची कडी तुटलेली, नळ कोरडा, म्हणून वयात आलेल्या अनेक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि घरी जाईपर्यंत लघवी रोखून धरतात. मुलींचा मूत्रमार्ग मुळातच आखूड असल्याने आतड्यातील ई. कोलाय जिवाणू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात, आणि लघवी तुंबून राहिली की तेथे त्यांना वाढायला वेळ मिळतो. जळजळ, ओटीपोटातील दुखणे मुली संकोचापायी सांगत नाहीत. थंडी वाजून ताप आला आणि कुशीत दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. वेळेवर लघवीची तपासणी व डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके पूर्ण घेतल्यास हा आजार बरा होतो. तास चालू असताना मुलीने परवानगी मागितली, तर शिक्षकांनी ती कधीही नाकारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक